जुनी स्वीडिश आर्चटॉप गिटार वाजती करताना: कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

लेव्हिन किंवा हॅगस्ट्रॉम या स्वीडिश कंपन्यांची जुनी आर्चटॉप, म्हणजे कमानदार पाटाची, गिटार घेतलेल्या मित्रांचा पहिला फोन बहुतेक वेळा असा असतो: "तारा बदलायच्या म्हणून सगळ्या काढल्या, तर ब्रिजच हातात आला." आठवड्याने दुसरा फोन येतो: "खाली सुरात आहे, पण वरच्या फ्रेटवर बेसूर लागते, म्हणून मानेतला बाक सुधारणारा दांडा, ट्रस रॉड, जरा फिरवला." तिसऱ्या फोनपर्यंत गिटार कारागिराकडे गेलेली असते. या गिटारी नाजूक असल्या तरी त्यांचे नुकसान बहुतेक वेळा निष्काळजीपणाने होत नाही. कामे उलट्या क्रमाने केल्यामुळे होते.

क्रम असा आहे: हवा, पाहणी, तारा, मान, घोडीची उंची, घोडीची जागा, वायरिंग आणि शेवटी ॲम्प. प्रत्येक काम आधीच्या कामावर उभे असते. मानेचा बाक बदलला की तारांची उंची बदलते, उंची बदलली की सूर हलतो. हवा बदलली तर हे सगळेच बदलते. म्हणून मधली पायरी गाळू नका.

शब्दांपुरते एक सांगतो. या गिटारीच्या वरच्या कमानदार पाटाला मी सतारीसारखे तबली म्हणणार आहे आणि ब्रिजला घोडी. इथे ते शब्द चपखल बसतात, कारण सतारीची घोडी जशी तबलीवर नुसती टेकलेली असते आणि तारांच्या दाबाने जागेवर राहते, तशीच हीसुद्धा. नेहमीच्या अकूस्टिक गिटारीत ब्रिज चिकटवलेला असतो, त्या सवयीमुळेच पहिली चूक होते.

## घेण्याआधी

मी गोथेनबर्गला राहतो. लेव्हिनचा कारखाना याच शहरात होता. हॅगस्ट्रॉमचा कारखाना उत्तरेला एल्वदालेन गावात होता आणि तिथले उत्पादन १९८३मध्ये थांबले. म्हणजे आज मिळणारी मूळ स्वीडिश गिटार किमान चाळीस वर्षांची असणार, आणि लेव्हिन असेल तर अनेकदा साठ-सत्तर वर्षांचीही.

स्वीडनमधल्या जुन्या वस्तूंच्या जाहिराती वाचताना काही शब्द ओळखता आले पाहिजेत. 'स्प्रिका' म्हणजे तडा, 'लागाड' म्हणजे दुरुस्त केलेली, 'ओमलाकाड' म्हणजे लॅकर नव्याने मारलेली. 'हाल्स' म्हणजे मान, 'स्टाल' म्हणजे घोडी. 'लागाड' दिसले म्हणून घाबरू नका, कुठे आणि कोणी दुरुस्त केली ते विचारा. चांगला सांधलेला तडा परवडतो, मानेचा कोन बिघडलेला परवडत नाही.

तो कोन पाहायची सोपी रीत अशी. घोडीच्या दोन्ही बाजूंना उंची बदलायच्या गोल चकत्या असतात. त्या अगदी खाली नेलेल्या असूनही बाराव्या फ्रेटवर तारा ४ मिमी किंवा त्याहून उंच असतील, तर एक तर मान पुढे झुकली आहे किंवा तिला मोठा बाक आला आहे. बाक असेल तर चौथ्या टप्प्यात सुटेल. मान सरळ असूनही तारा उंच असतील तर ती सांध्यातून सोडवून पुन्हा बसवावी लागते. तो खर्च अनेकदा गिटारीच्या किमतीच्या घरात जातो. विकणारा "घोडी थोडी खाली करा, झालं" म्हणाला तर घोडी आणखी खाली जायला जागा आहे का, ते स्वतः पाहा.

## टप्पा १: हवा

हा टप्पा सगळे जण गाळतात आणि सगळ्यात जास्त तडे इथेच जातात.

गोथेनबर्गच्या हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. पुण्यात जुलैत खिडकी उघडी ठेवली तर तोच आकडा ८०च्या वर असतो, कोकणात त्याहून जास्त. तबली साधारणपणे स्प्रूसची असते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून कोरड्या हवेत तडा नेहमी रेषेच्या दिशेने, शेपटीकडून घोडीकडे किंवा एफ-होलच्या (तबलीवरच्या एफ आकाराच्या भोकाच्या) टोकापासून निघतो. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते.

१. थंडीत गिटार बाहेरून आणली की पेटी लगेच उघडू नका. बंद पेटी खोलीत किमान आठ तास राहू द्या. गार लॅकरला एकदम ऊब लागली की त्यावर जाळीसारख्या बारीक रेषा उमटतात आणि त्या कायमच्या राहतात.

२. आर्द्रतामापक घ्या, पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि ओल्या वाळूइतके भिजेल एवढेच पाणी घाला. झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ दाखवले पाहिजे. ६९ दाखवले तर मापक सहाने कमी सांगतो, तेवढे कायम लक्षात ठेवा.

३. पेटीत मापक ठेवून गिटार आठवडाभर तशीच राहू द्या. कोरड्या घरात ओलावा देणारे, दमट घरात ओलावा शोषणारे पाकीट ठेवा. दोन्ही बाजूंनी काम करणारी ४९ टक्क्यांची तयार पाकिटेही मिळतात. घर सांभाळण्यापेक्षा पेटी सांभाळणे सोपे असते.

सावधान: पावसाळ्यात सिलिका जेलची मूठभर पुडकी टाकून पेटी महिनाभर बंद ठेवू नका. ताजे जेल लहान पेटी गरजेपेक्षा जास्त कोरडी करते. आठवड्याला एकदा आकडा पाहा.

तपासा: सलग तीन दिवस आकडा ४० आणि ६०च्या मध्ये राहिला का? राहिला नसेल तर दुसऱ्या टप्प्यापुढे जाऊ नका.

## टप्पा २: पाहणी

अजून पाना हातात घ्यायचा नाही. दिव्याखाली बसून पाहायचे आणि कान लावायचा.

तबली आणि पाठ बोटाच्या पेराने सगळीकडे हलके ठोका. आवाज भरीव यायला हवा. एखाद्या जागी फटफट किंवा झरझर ऐकू आले तर आतली पट्टी सुटली असण्याची शक्यता आहे. जुन्या गिटारी सरसाने जोडलेल्या असतात, आणि कोरड्या-दमट हवेच्या अनेक फेऱ्यांनंतर सरसाची पकड सुटते. यात एक चांगली बाजू आहे: सरसाचा सांधा जाणकार कारागीर ऊब आणि ओलाव्याने पुन्हा उघडून पूर्वीसारखा जोडू शकतो. म्हणून सुटलेल्या सांध्यात सुपरग्लू किंवा इपॉक्सी घालू नका. एकदा ते गेले की पुढच्या कारागिराला स्वच्छ लाकूडच मिळत नाही.

घोडीच्या खाली तबली खचली आहे का, ते बाजूने डोळा लावून पाहा. दोन्ही बाजूंची कमान सारखी दिसली पाहिजे.

पिकगार्ड (तबलीला ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी) आणि कडेची पट्टी जुन्या सेल्युलॉईडची असू शकते. सेल्युलॉईड कुजायला लागले की कापरासारखा किंवा आंबूस वास येतो, पृष्ठभाग चिकट होतो आणि जवळच्या धातूवर हिरवट गंज चढतो. फक्त पिकगार्डजवळचेच फ्रेट, स्क्रू किंवा पिकअपचे झाकण गंजले असेल तर कारण हेच. असा पिकगार्ड काढा आणि पेटीबाहेर, गिटारीपासून दूर, हवेशीर जागी ठेवा. सेल्युलॉईड चटकन पेट घेते, तेव्हा देवघराच्या किंवा गॅसच्या आसपास नको.

मानेच्या टाचेवर एखादा बोल्ट दिसला तर तो सैल वाटला तरी पिळू नका. तो ट्रस रॉड नव्हे. त्याने मान धडाला धरलेली असते.

पेटी, स्टँड आणि लॅकर यांबद्दलही इथेच सांगतो. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर स्टँडच्या रबराचा किंवा फोमचा डाग कायमचा बसतो. स्टँडला सुती कापड गुंडाळा. लॅकरवर चिकटपट्टीही लावू नका, अगदी रंगाऱ्याची हलकी पट्टीसुद्धा नको. ती काढताना लॅकरचा पापुद्रा बरोबर येतो. एका मित्राच्या लेव्हिनवर घोडीची खूण करायला लावलेल्या पट्टीने नखाएवढा तुकडा उचलला गेला होता. तो मी स्वतः पाहिला आहे, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो.

## टप्पा ३: तारा

घोडी हलवण्याआधी तिची आत्ताची जागा नोंदवून ठेवा. जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, तिचे एक टोक बाराव्या फ्रेटला लावा आणि घोडी जिथे येते तिथे पेन्सिलने खूण करा. पहिल्या आणि सहाव्या तारेजवळ वेगवेगळी खूण करा, कारण घोडी थोडी तिरकी असते. ही पट्टी पेटीत कायम ठेवा. घोडी कधीही सरकली तरी दोन मिनिटांत जागेवर येईल.

मुख्य नियम: एका वेळी एकच तार. जुनी काढा, नवी घाला, सुराच्या जवळ आणा, मग पुढची. सगळ्या एकदम काढल्या की घोडी पडते, टेलपीस (तारांची शेपटीकडची टोके धरणारा भाग) तबलीवर आपटते आणि साठ-सत्तर किलोचा ताण मानेवरून अचानक उतरतो. बारा नंबरच्या (पहिली तार ०.०१२ इंच जाड) संचाचा एकूण ताण तेवढा असतो.

कोणत्या तारा? पिकअप (तारांचा कंप ॲम्पकडे पोचवणारा भाग) चुंबकीय असेल तर निकेल किंवा स्टीलच्या. अकूस्टिक दुकानातल्या ब्राँझच्या तारा घेऊ नका. ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे गुंडाळीच्या चार तारा दबक्या आणि वरच्या दोन कर्कश वाजतात. माझी पसंती फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या), ११ किंवा १२ नंबरच्या. त्या गुळगुळीत असतात, फ्रेट कमी झिजवतात आणि या गिटारींचा गोल, लाकडी आवाज त्यांच्यातूनच खुलतो. मानेत ट्रस रॉड नसलेली जुनी गिटार असेल तर ११च्या वर जाऊ नका.

एक गोष्ट फार लोक विसरतात. घोडीच्या माथ्यावरच्या पायऱ्या वरून नीट पाहा. दुसऱ्या तारेची पायरी मागे आणि तिसरीची पुन्हा पुढे असेल, तर ती घोडी गुंडाळीच्या तिसऱ्या तारेसाठी घडवली आहे. त्यावर रॉक गिटारच्या संचातली साधी तिसरी तार चढवली, तर ती वरच्या फ्रेटवर कायम चढी लागेल आणि तुम्ही घोडी सरकवत बसाल. घोडी बरोबर असते, चूक तारेची असते. संच घेताना तिसरी तार गुंडाळीची आहे ना, तेवढे विचारा.

फ्लॅटवाउंड तार आधी कापू नका. खुंटीच्या पुढे ती पक्कडीने काटकोनात दुमडा आणि दुमडीच्या पुढे कापा. न दुमडता कापली तर वरची पट्टी सुटत जाते आणि तार निकामी होते. टेलपीसकडच्या टोकाला अनेकदा रेशमी गुंडाळी असते. ती घोडीवर येत नाही ना, तेही पाहा.

अनेक वर्षे सैल पडलेली गिटार एका दिवसात सुरात आणू नका. पहिल्या दिवशी दीड सूर खाली, दुसऱ्या दिवशी अर्धा सूर खाली, तिसऱ्या दिवशी पूर्ण. खुंटी पिळताना नटजवळ (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीजवळ) टिंग असा आवाज येत असेल तर खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासा.

तपासा: प्रत्येक तार बदलल्यावर घोडीची मागची बाजू तबलीशी काटकोनात आहे का? तारा पिळताना घोडीचा माथा हळूहळू मानेकडे ओढला जातो. झुकली असेल तर तारा थोड्या सैल करून दोन्ही अंगठ्यांनी सरळ करा.

## टप्पा ४: मान

तारा पूर्ण सुरात असू द्या आणि एक दिवस जाऊ द्या. मग सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान धडाला मिळते त्या फ्रेटवर दाबा. ताणलेली तार म्हणजे सरळ पट्टी. आता सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांमधली फट पाहा. ०.१५ ते ०.२५ मिमी हवी. नेहमीचा ८० ग्रॅमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, तेव्हा कागदाची दुहेरी घडी जेमतेम सरकली पाहिजे.

फट जास्त असेल तरच ट्रस रॉड घट्ट करायचा. नीट बसणाराच पाना घ्या. तारा एक सूर खाली आणा, रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरी फिरवा, पुन्हा सुरात आणा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. फट अजिबातच नसेल तर उलट दिशेने पाव फेरी.

हॅगस्ट्रॉमच्या मानेत एच-एक्स्पांडर नावाची ॲल्युमिनियमची पट्टी रॉडसोबत मानेच्या लांबीभर असते. त्यामुळे या माना विलक्षण ताठ राहतात आणि क्वचितच हलतात. म्हणूनच त्या मानेला "काहीच होत नाही" म्हणून आणखी अर्धी, आणखी एक फेरी देणे धोक्याचे. पाव फेरीने फरक पडला नाही तर थांबा आणि जाणकाराला दाखवा.

सावधान: तारा उंच वाटतात म्हणून ट्रस रॉड फिरवायचा नसतो. रॉड बाकासाठी, उंची घोडीने. या दोन गोष्टींची गल्लत ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक आहे.

## टप्पा ५: घोडी

इथे घाई करू नका. गिटारीचा निम्मा आवाज या लाकडाच्या तुकड्यातून जातो.

### पाय

घोडीचे पाय तबलीच्या कमानीवर पूर्ण बसले पाहिजेत. कागदाची चिंधोटी पायाच्या चारही बाजूंनी आत सरकवून पाहा. कुठेही शिरता कामा नये. शिरली तर तिथे हवा आहे आणि तेवढा आवाज वाया जातो. शिवाय उरलेल्या दोन-तीन ठिकाणी सगळा भार येऊन तबलीवर खळ्या पडतात.

पाय बसवायला तबलीवर सँडपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवतात आणि घोडी त्यावर घासतात. रीत बरोबर आहे, पण मूळ घोडीवर तुम्ही ती करू नका. मूळ घोडी तशीच जपून ठेवा आणि नवी बसवून घ्या. महाराष्ट्रात असाल तर लाकडाला लाकूड जुळवण्याचे हे काम मिरजेच्या सतारमेकरांच्या हाताला परके नाही. पण त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: या घोडीला जवारी काढायची नाही. सतारीत तार सपाट माथ्यावर पसरत जाते आणि त्यातून झणकार येतो. गिटारीच्या घोडीवर तारेने एकाच धारदार रेषेवरून सुटले पाहिजे, नाहीतर प्रत्येक स्वराला भिणभिण लागते.

### उंची

उंचीच्या चकत्या फिरवण्याआधी तारा सैल करा. पूर्ण ताणावर चकती जबरदस्तीने फिरवली की जुना खांब वाकतो किंवा आटे जातात. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. सहाव्या तारेला २ मिमी आणि पहिलीला सुमारे १.६ मिमी ही चांगली सुरुवात आहे. कडक हाताचा वादक असेल तर अर्धा मिमी वाढवा. फार खाली नेऊ नका. घोडीवर तारांचा कोन कमी झाला की तबलीवरचा दाब घटतो, आणि दाबाविना ही गिटार पातळ वाजते.

### जागा

१. नटच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजा. हॅगस्ट्रॉमची तारेची लांबी बहुधा ६२८ मिमीच्या आसपास असते, म्हणजे हे माप ३१४ येईल. लेव्हिनचे माप गृहीत धरू नका, मोजा.

२. बाराव्या फ्रेटपासून तेवढेच अंतर पुढे घ्या. पहिल्या तारेखाली त्यात २ ते ३ मिमी आणि सहाव्या तारेखाली ४ ते ५ मिमी मिळवा. घोडी तिथे ठेवा. एफ-होलच्या मधल्या खाचांवर विसंबू नका. व्हायोलिनमध्ये त्या घोडीची जागा दाखवतात, गिटारीत त्या बहुतेक वेळा नुसत्या शोभेच्या असतात.

३. पहिली तार सुरात आणा. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (तार न दाबता बोट नुसते टेकवून), मग तोच स्वर दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा लागला तर घोडी टेलपीसकडे सरकवा, उतरता लागला तर मानेकडे. एका वेळी एक मिमीपेक्षा कमी. सरकवण्याआधी तारा जरा सैल करा, नाहीतर घोडीचे पाय लॅकर खरवडतात.

४. हेच सहाव्या तारेला करा. मग पुन्हा पहिली तपासा, कारण एक बाजू हलवली की दुसरी थोडी हलतेच. दोन-तीन फेऱ्यांत बसते.

५. मधल्या चार तारा फक्त ऐका. एखादी दोन-तीन सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) इकडेतिकडे असेल तर सोडून द्या. लाकडी घोडीत त्याहून बारकाई नाही, आणि बोटाचा दाब कमी-जास्त झाला तरी तेवढा फरक पडतोच.

तपासा: नव्या जागेची खूण पुठ्ठ्याच्या पट्टीवर करा, तारीख लिहा.

## टप्पा ६: पिकअप आणि वायरिंग

हॅगस्ट्रॉमच्या जिमी आणि व्हायकिंग मॉडेलांत पिकअप कारखान्यातलेच असतात. लेव्हिनच्या आर्चटॉप गिटारींना ते अनेकदा नंतर लावलेले असतात, कधी पिकगार्डला टांगलेले, कधी तबली कापून बसवलेले. तुमच्याकडची तबली अजून कापलेली नसेल तर कापू नका. टांगता पिकअप पुरतो.

आवाज येत नसेल तर आधी मल्टीमीटर लावा. हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) साधारण ७ ते ९ किलोओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर वेटोळ्याची तार किंवा सांधा तुटला आहे. आकडा ठीक असेल तर दोष नॉबमध्ये किंवा जॅकमध्ये आहे. नॉबमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारा आणि वीस वेळा इकडून तिकडे फिरवा. निम्म्या गिटारी एवढ्यानेच बोलायला लागतात.

आतले भाग बाहेर काढावेच लागले तर पोकळ गिटारीला मागे झाकण नसते, सगळे एफ-होलमधून निघते. प्रत्येक नॉबच्या दांड्याला आणि जॅकला वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा बांधा, मग आत ढकला. परत बसवताना तोच दोरा भोकातून ओढला की भाग जागेवर येतो. फोटो आधीच काढून ठेवा. काढलेला कोणताही जुना भाग फेकू नका.

स्वीडन आणि भारत दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज असते, त्यामुळे ॲम्प दोन्हीकडे चालतो. प्रश्न अर्थिंगचा आहे. जुन्या स्वीडिश घरांत बैठकीच्या खोलीतल्या सॉकेटला अनेकदा अर्थिंग नसते, आणि आपल्याकडे तीन पिनांचे सॉकेट असले तरी मागे अर्थिंग जोडलेले असेलच असे नाही.

तपासा: तारांना हात लावल्यावर घूंघूं कमी झाली तर ठीक. वाढली किंवा बोटाला मुंग्या आल्या तर ताबडतोब ॲम्प बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंगची पिन मोडून किंवा अडॅप्टर लावून हा प्रश्न कधीही सोडवू नका. जुन्या ॲम्पबरोबर हा जिवावरचा धोका आहे.

## टप्पा ७: ॲम्प आणि हुंकार

पोकळ गिटार ॲम्पच्या आवाजाने स्वतःच थरथरते आणि तो आवाज पुन्हा पिकअपमध्ये शिरतो. हा फीडबॅक बहुतेकदा सहाव्या तारेवरच्या जी किंवा ए स्वराजवळ सुरू होतो, म्हणजे १०० हर्ट्झच्या आसपास. पिकअप बदलून तो जात नाही. या क्रमाने करा:

ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा. तुम्ही त्याच्या समोर बसू नका, बाजूला बसा. गिटारीची तबली स्पीकरकडे तोंड करून नको. ॲम्पचा बास तीनपर्यंत खाली आणा. गिटारीचा नॉब सहा-सातवर ठेवून मग ॲम्प वाढवा. एवढे करूनही हुंकार उरला तर फोमचे तुकडे एफ-होलच्या आकाराला कापून हलके बसवा. तबलीवर चिकटपट्टी लावून एफ-होल बंद करू नका.

घोडी आणि टेलपीस यांच्यामधल्या तारांचे तुकडेही वाजत असतात. स्वर थांबवल्यावर मागे बारीक किणकिण ऐकू आली तर तिथे फेल्टच्या कापडाची किंवा मऊ चामड्याची पट्टी तारांमधून विणून घाला.

## टप्पा ८: हात

उजव्या हाताचा तळवा घोडीवर टेकवून वाजवायची सवय इथे सोडावी लागते. तळव्याच्या रेट्याने घोडी सरकते आणि पाचव्या टप्प्यातली सगळी मेहनत जाते. हात टेलपीसवर किंवा पिकगार्डवर टेकवा.

बारा नंबरच्या फ्लॅटवाउंड तारा ओढून मींड घेऊ नका. त्या फार ताणल्या जात नाहीत, आणि आडव्या रेट्याने घोडी पुन्हा हलते. मींड घसीटीने घ्या, बोट दाबून ठेवून एका फ्रेटवरून दुसऱ्याकडे सरकवा. फ्लॅटवाउंडवर बोट खरखरत नाही, त्यामुळे या गिटारीवर घसीट अतिशय सुंदर लागते. राग वाजवणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे.

कॉर्ड वाजवताना सहाही तारा भरू नका. मूळ स्वर, तिसरा आणि सातवा एवढे तीनच धरा. पोकळ धडात खालचे स्वर एकमेकांत मिसळतात आणि भरगच्च कॉर्ड चिखलासारखा ऐकू येतो. तीन स्वरांत गिटार श्वास घेते.

मोहनवीणा आर्चटॉप गिटारीतूनच घडली आहे, म्हणून "माझ्या लेव्हिनवर चिकारी आणि तरफा बसवता येतील का" असे मला दोनदा विचारले गेले आहे. येणार नाहीत. प्रत्येक वाढीव तार मानेवर आणि तबलीवर काही किलोंचा ताण वाढवते. जुन्या सरसाच्या सांध्यांना तो झेपत नाही. त्यासाठी नवी, त्याच कामासाठी बांधलेली गिटार घ्या.

## टप्पा ९: गिटार भारतात नेताना

निघण्याच्या दोन महिने आधी फ्रेटबोर्ड आणि घोडीचे लाकूड कोणते ते कारागिराकडून लिहून घ्या. ब्राझिलियन रोझवूड १९९२पासून साइट्सच्या (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे आणि जुन्या गिटारींत ते असू शकते. तसे असेल तर सीमा ओलांडण्याआधी परवान्याची चौकशी करा. स्वीडनमध्ये हे काम यॉर्डब्रुक्सवेर्केट, म्हणजे कृषी मंडळ, पाहते. बाकीच्या रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९पासून सूट आहे. खरेदीची पावती आणि गिटारीचे फोटो हातातल्या बॅगेत ठेवा.

विमानात नेताना तारा एक-दोन सूर सैल करा, पूर्ण नाही. घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापडाच्या घड्या ठेवा आणि टेलपीसखाली एक घडी सरकवा. मानेच्या डोक्याखाली आधार द्या, ते पेटीत लोंबकळत राहता कामा नये. आपटल्यावर पहिले मोडते ते तेच.

पुण्यामुंबईत उतरल्यावर पुन्हा पहिल्या टप्प्यापासून. पेटी आठ तास बंद, मग आठवडाभर नुसता आकडा. पावसाळ्यात लाकूड फुगून तबली वर येते आणि तारा उंच होतात. हे पाहून लगेच घोडी खाली केली, तर ऑक्टोबरात हवा कोरडी झाल्यावर तारा फ्रेटला घासू लागतात. म्हणून पेटीत एक छोटी वही ठेवा. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला चार आकडे लिहा: आर्द्रता, सातव्या फ्रेटची फट, बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची आणि पहिलीची. वर्षभराच्या बारा नोंदी समोर आल्या की तुमच्या घरात ही गिटार किती हलते ते दिसेल. हा फरक अर्धा मिमीच्या आत असेल तर चकत्यांना हात लावायचा नाही.